मांडूची शिदोरी

सहलीचे स्थळ ठरविणे सोपे, दिवस ठरविणे त्याहून थोडे अवघड, आणि शिदोरी ठरविणे हे सर्वांत अवघड काम. माळव्यातील आपल्या मराठी घरांतून आषाढ सरत आला की या तिन्ही गोष्टींची चर्चा सुरू होते. आपण तिला वनभोजन म्हणतो, आपले माळवी शेजारी गोठ म्हणतात. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण्याची आपली जुनी रीत होतीच. माळव्याच्या पावसाने तिला श्रावणाची जोड दिली. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील किती पिढ्या अशा डबे बांधून बाहेर पडल्या असतील! सहलीची वर्णने मात्र आपण धबधब्याची आणि महालांची लिहितो. डब्यांची कोणी लिहीत नाही. वास्तविक दिवस सुखाचा जाणार की रडतखडत जाणार, हे निम्म्याहून अधिक त्या डब्यांवर आणि पाण्याच्या भांड्यांवर अवलंबून असते.

येथे मी मांडूच्या शिदोरीविषयी लिहिणार आहे. इंदूरहून धार साठ-पासष्ट किलोमीटर आणि धारेहून मांडू पस्तीस. म्हणजे सकाळी सातला निघालेले बिऱ्हाड वाटेत चहा घेऊन दहा-साडेदहाला गडावर पोहोचते. गड म्हटला तरी तो महाराष्ट्रातल्या डोंगरी किल्ल्यासारखा चढून जाण्याचा नाही. गाडी थेट वरपर्यंत जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीचे हे विस्तीर्ण पठार विंध्याच्या कडेला उभे आहे आणि एका खोल दरीने ते माळव्यापासून तोडलेले आहे. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी धारेची राजधानी येथे हलविली, ती याच कारणाने. पुढे अठराव्या शतकात हा सारा मुलूख धारच्या पवारांकडे आला. त्यामुळे मांडू पाहायला जाताना आपल्याला परमुलखात गेल्यासारखे कधी वाटत नाही.

गोठ करावी की शिदोरी न्यावी, हा पहिला वाद. खरी माळवी गोठ म्हणजे दाल-बाफले. जाडसर कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, आणि फोडून तुपात बुडवायचे. त्याच्या चवीला तोड नाही, हे मी मान्य करते. माणशी दीड पाव कणीक नेली तरी पुरुषमंडळी संकोच करीत नाहीत, आणि वीस माणसांना एक किलो तूप नेणाऱ्याला माळव्यात चिक्कू म्हणतात. परंतु गोवऱ्या पेटवून जेवण पानावर येईपर्यंत तीन तास सहज जातात. कालाकुंड किंवा चोरलच्या बाजूला, जिथे झाडाखाली बसणे हाच कार्यक्रम असतो, तिथे गोठ शोभते. मांडूला जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, रेवाकुंड आणि रूपमतीचा मंडप एवढे पाहायचे असताना घरातल्या बायकांनी धुरात डोळे चोळीत बसावे, हे मला पटत नाही. म्हणून मांडूला शिदोरीच.

आता प्रमाण. आमच्या घरी गेल्या श्रावणात बावीस माणसांचा बेत होता. धाकट्या भावजींनी नेहमीप्रमाणे सांगून टाकले, "वहिनी, पंचवीस माणसांचे करा, म्हणजे कमी पडायला नको." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या वर न पाहताच म्हणाल्या, "अहो, डोकी काय मोजता? पाने मोजा." त्यांची पाने मोजण्याची रीत अशी : मोठ्या माणसाचे एक पान, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे दीड, दहा वर्षांखालच्या पोराचे अर्धे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांचेही अर्धे. आमच्यात मोठी माणसे बारा, वाढत्या वयाची मुले तीन, लहान मुले चार आणि वृद्ध तीन. बारा, साडेचार, दोन आणि दीड. एकूण वीस पाने. भावजींचा पंचविसाचा अंदाज धरला असता तर पाच पानांचे अन्न वाया गेले असते, किंवा रात्री घरी येऊन तेच शिळे खावे लागले असते. अन्न कमी पडले तर यजमानाची लाज जाते या भीतीने आपण दुप्पट करतो. पावसाळी दमट हवेत उरलेले अन्न दुसऱ्या दिवसाच्या उपयोगाचे राहत नाही, हे मात्र त्या भीतीपुढे विसरतो.

वीस पानांना पुऱ्या किती? जेवणाला सहा आणि परतीच्या वाटेवर दोन, अशा आठ. म्हणजे एकशे साठ. एक किलो कणकेत डाव्या तळहातात मावतील एवढ्या पन्नास पुऱ्या होतात. साडेतीन किलो कणीक भिजविली की पंधरा पुऱ्या हाताशी राहतात. त्या ड्रायव्हरच्या आणि वाटेत भेटणाऱ्या कोणाच्या. पुऱ्या तिखटमिठाच्या, ओवा घातलेल्या आणि थोडे कडकडीत तेलाचे मोहन दिलेल्या असाव्यात, म्हणजे दुपारपर्यंत वातड होत नाहीत. तळल्या तळल्या डब्यात कोंडू नयेत. वर्तमानपत्राची शाई अन्नाला लागते, म्हणून त्यावरही पसरू नयेत. धुतलेल्या पंच्यावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच भराव्यात. वृद्धांसाठी दशम्या वेगळ्या. पाण्याऐवजी दुधात भिजविलेली ही पोळी मऊ राहते आणि दात नसलेल्यालाही तुकडा मोडतो. आपल्या आज्या पंढरपूरला पायी निघताना दशम्या का बांधून घेत, हे प्रवासात कळते.

बटाट्याची सुकी भाजी पानाला दीड पाव धरली तर फार होते. दीडशे ग्रॅम पुरे. वीस पानांना तीन किलो बटाटे. या भाजीत ओले खोबरे घालू नये आणि कांदाही नको, कारण भाजी आंबते ती त्यांच्यामुळे. पहाटे परतून कोरडी करावी, लिंबू पानावर पिळावे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे आणि इंदुरी शेव. शेव पाव किलो म्हणावी तर गाडीतच संपते, म्हणून तिचे दोन पुडे करून एक लपवून ठेवावा लागतो. गोडाला रव्याचे लाडू, पानाला दोन. एक किलो रव्याचे बेताच्या आकाराचे चाळीस लाडू होतात, हिशेब बरोबर बसतो. दुधाची मिठाई श्रावणात नेऊच नये.

दहीभाताविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सहलीतला दहीभात दुपारी आंबट होतो ही सार्वत्रिक तक्रार आहे. घट्ट दही कालवून नेले तर ते होणारच. जुन्या बायका वेगळे करीत. पुऱ्या असल्या म्हणजे पानाला साठ ग्रॅम तांदूळ पुरतो. वीस पानांना सव्वा किलो. भात मऊ शिजवून लगेच परातीत पसरून गार करायचा. गरम भात तसाच डब्यात दाबला तर तो आतल्या आत बिघडतो. गार झाल्यावर तापवून निवविलेले दोन लिटर दूध घालायचे आणि वर फक्त दोन मोठे चमचे गोडे दही. प्रवासात गाडी हालत असतानाच दुधाचे दही होत जाते आणि बाराच्या सुमारास झाकण उघडले की भात जेमतेम आंबूस, लोण्यासारखा लागतो. मीठ आणि तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी पहाटेच. हा डबा स्टीलचाच हवा. कल्हई उडालेल्या पितळी डब्यात दही घालण्याचे धाडस कोणी करू नये. आणि दुपारच्या जेवणात तो संपलाच पाहिजे. उरलेला दहीभात परत आणणाऱ्या गृहिणीची काटकसर मला मान्य नाही.

पाण्याचा विषय निघाला की मांडूचा इतिहासच पुढे येतो. १६१७ साली जहांगीर बादशहा आपल्या प्रचंड लवाजम्यासह मांडूला मुक्कामाला होता आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो त्याच्याबरोबर होता. रोच्या रोजनिशीत त्या दिवसांतील पाण्याच्या दुर्भिक्षाचे वर्णन आहे : पठारावर माणसांची आणि जनावरांची गर्दी, आणि पाणी पुरेना. ज्या शहरात पावसाचा थेंब न् थेंब तलावांत वळविण्याची एवढी व्यवस्था होती, मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध जिथला महाल जहाजासारखा उभा आहे, रेवाकुंडाचे पाणी जिथे उंच उचलून बाजबहादुराच्या महालात खेळविले होते, तिथेही पाहुणे अंदाजाबाहेर वाढल्यावर घसा कोरडा पडला. बादशहाच्या कोठीवाल्याने डोकी मोजली होती की पाने, कोण जाणे!

आपल्या बावीस माणसांचे पाणी मात्र डोक्यांवरच मोजावे. तहानेला अर्धे पान नसते. लहान मूल धावून धावून मोठ्यापेक्षा जास्त पिते आणि वृद्ध माणसाला तहान लागली तरी कळत नाही. पावसाळी दिवशी माणशी दीड लिटर पिण्याचे, उन्हाळ्यात दोन-अडीच. त्याखेरीज हात धुणे, पानांवर शिंपडणे, मुलांचे पाय धुणे यांसाठी पंधरा लिटर. आम्ही वीस-वीस लिटरचे दोन जार घेतले आणि ज्याची त्याची लिटरची बाटली ज्याच्या त्याच्या खांद्याला. पाणी लिटरला एक किलो वजनाचे असते हे लक्षात ठेवून भरलेले जार कोण उचलणार ते आधी ठरवावे. पूर्वी मोटारीच्या बाहेर किरमिजाची छागल लटकत असे. तिच्या कापडातून पाणी झिरपून उडे आणि आतले पाणी माठासारखे गार राही. पण त्या गारव्याची किंमत पाण्यातच द्यावी लागे, आणि धारेपर्यंत छागल निम्मी होई. सरबतासाठी पाणी वेगळे न्यावे लागू नये म्हणून बारा लिंबांचा रस, सहाशे ग्रॅम साखर आणि मीठ एकत्र करून त्याचा पाक बाटलीत भरावा. पाच लिटर पाण्यात तो मिसळला की सर्वांना एकेक पेला होतो.

सगळेच घरून नेणे हाही एक प्रकारचा कंजूषपणा आहे. मांडूच्या रस्त्यावर पावसाळ्यात मक्याची कणसे भाजणाऱ्या भिल्ल बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडचे कणीस, तिखटमीठ आणि लिंबू लावलेले, एकेक घ्यायचे असे आधीच धरून पुऱ्यांच्या हिशेबातून एकेक कमी करावी. तेथील पानिये मिळाले तर तेही चाखावेत. मक्याच्या पिठाची ही जाड भाकरी पळसाच्या पानांत धरून गोवऱ्यांवर भाजतात आणि पानाचा वास तिला लागलेला असतो. गोरखचिंचेची प्रचंड, फुगीर बुंध्याची झाडे मूळची आफ्रिकेची. मांडूत ती शतकानुशतके नांदत आहेत. त्यांचे भोपळ्याएवढे फळ फोडून आतला कोरडा आंबट गर विकतात. मुलांना तो फार आवडतो.

आणि मांडूला खाण्याचा विचार करणे म्हणजे रसिकतेत उणे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे गियासशहा खिलजी राज्य करीत होता. त्याच्या पाकशाळेचा फारसी ग्रंथ, 'निअमतनामा', त्याच्या मुलाच्या, नासिरशहाच्या, काळात पुरा झाला. मिशाळ सुलतान आसनावर बसला आहे, भोवती स्त्रिया रांधत आहेत, अशी त्यातली चित्रे आहेत. सामोशांचे नाना प्रकार त्यात दिले आहेत, आणि शिकारीला निघताना बरोबर काय काय घ्यावे याचीही चर्चा आहे. ही पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिचे इंग्रजी भाषांतर २००५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा मांडूच्या पठारावर शिदोरीची यादी करणारे आपण पहिले नव्हेत.

किती न्यायचे याइतकेच महत्त्व कोणता डबा कुठे ठेवायचा याला आहे. आमच्याबरोबर सासूबाईंच्या नणंद, आम्हा सर्वांच्या आत्याबाई, होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. रूपमतीच्या मंडपावरून एकदा नर्मदा पाहायची, हा त्यांचा हट्ट. डॉक्टरांनी जाऊ नका म्हटले नव्हते, जेवणाची वेळ चुकवू नका एवढेच बजावले होते. म्हणून त्यांचा डबा मी वेगळा केला होता. चार दशम्या, थोडी भाजी, फुटाणे, दोन केळी, एका पुडीत साखर आणि लहान बाटलीत तयार सरबत. इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फाला चिकटू न देता. ही पिशवी त्यांच्या मांडीवर. भावजी म्हणाले, "वहिनी, सगळे सामान मागे एकत्र ठेवू, आत्याला त्रास कशाला?" पण पिशवी हलली नाही.

रविवार होता. गडाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली आणि आम्ही एका वळणावर अडकलो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, वर धुवाधार पाऊस. जेवणाचे सारे डबे मागे ताडपत्रीखाली दोरीने बांधलेले. दहाचे साडेअकरा झाले, बारा झाले. आत्याबाई बोलायच्या थांबल्या. कपाळावर घाम, बोटे कापत होती. त्यांच्याजवळ बसलेल्या माझ्या मुलीने, ती नर्सिंगचे शिकते, एकदा तोंडाकडे पाहिले आणि सरबताची बाटली उघडली. "आत्याआजी, आधी हे प्या, मग बोला." त्यात आणखी तीन चमचे साखर घालून तिने ते घोट घोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांत हाताचा कंप थांबला. मग दशमी आणि भाजी. "साखर बंद केली म्हणता आणि साखरच पाजता," असे त्या म्हणाल्या तेव्हा गाडीतल्या सर्वांचा श्वास मोकळा झाला. रांग हलायला त्यानंतर आणखी पाऊण तास लागला. मागचा डबा काढायला तेवढ्या पावसात कोणी उतरू शकले नसते.

पाण्याच्या बाबतीत पाताळपाणीची आठवण येथे देणे भाग आहे. महूपलीकडचा हा धबधबा अर्ध्या दिवसाच्या सहलीचा, म्हणून लोक पाणी कमी नेतात आणि हात-भांडी धुवायला प्रवाहात उतरतात. २०११ च्या जुलैत वर डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा क्षणात आला आणि खडकावर उभी असलेली सहलीची माणसे डोळ्यांदेखत वाहून गेली. आणखी पाच लिटर पाणी घरून नेले की भांडी विसळायला प्रवाहापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. त्याच मार्गावर कालाकुंड स्टेशन आहे. होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन बांधून घेतलेल्या लोहमार्गाचा हा घाटातला तुकडा. २०१८ च्या डिसेंबरात पाताळपाणी ते कालाकुंड अशी वारसा गाडी सुरू झाली. कालाकुंडचा पळसाच्या पानातला कलाकंद प्रसिद्ध आहे, तेव्हा त्या बाजूला जाणाऱ्यांनी लाडू निम्मे करावेत.

मांडूला जेवायला आम्ही बसलो तेव्हा दीड वाजला होता. संरक्षित वास्तूंच्या आवारात डबे उघडायचे नसतात, आणि उघडूही नयेत. रस्त्याच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली ताडपत्री बांधून पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण नेले होते. प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदी आहे, आणि स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या इंदूरच्या माणसांनी मांडूत कचरा टाकून यावे हे बरे दिसत नाही. खरकट्याची पिशवी आम्ही घरी आणली.

चारच्या सुमारास रूपमतीच्या मंडपावर गेलो. आत्याबाईंना दोघांनी धरून एकेक पायरी चढविले. खाली निमाडचे मैदान असायला हवे होते. तिथे पांढरे धुके दाटले होते. अर्धा तास वाट पाहिली. नर्मदा दिसली नाही. गाईड सांगत होता की स्वच्छ दिवशी रूपेरी रेघ दिसते. आत्याबाईंनी त्या दिशेला हात जोडले आणि म्हणाल्या, "धुक्यामागे तीच आहे ना? मग झाले." उतरताना त्यांनी उरलेले केळे खाल्ले.

रात्री नऊला घरी पोहोचून डबे उघडले तेव्हा नऊ पुऱ्या आणि मूठभर चिवडा उरला होता. पाण्याचा एक जार पूर्ण रिकामा, दुसऱ्यात चारेक लिटर. दहीभाताचा डबा धुतल्यासारखा. सासूबाईंनी माझ्या वहीत वीस पानांच्या खाली एवढेच लिहायला लावले : मीठ जास्त न्यावे, कणसांना लागते, आणि आत्याबाईंच्या पिशवीत केळी दोनच्या ऐवजी तीन.